ब्लाउजचं माप ३८, म्हणून ब्रापण ३८च का?

शेवंती
नमस्कार. धागा मुद्दामच सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, कारण या विषयावर कुजबुज पुष्कळ होते आणि माहिती मिळत नाही.

मी ब्लाउज ३८चा शिवते, म्हणून दुकानात ३८बी मागते आणि तीच मिळते. दुपारनंतर पाठचा पट्टा खांद्यांच्या हाडांपर्यंत चढलेला असतो आणि पुढून सगळं खाली आलेलं असतं. खांद्याचे पट्टे आवळले तर वळ उठतात, सैल सोडले तर कोपरापर्यंत घसरतात. काल इंची टेप लावून बघितला. छातीखाली ३२ इंच, सगळ्यात भरीव जागी ३८ इंच. एका वेबसाइटच्या हिशेबाने मी ३६बी, दुसरीच्या हिशेबाने ३२ई. ई? मी काही एवढी भरलेली नाही हो. हे गणित कुणी समजावून सांगेल का? दुकानातला माणूस नजरेनेच माप घेतो, त्यामुळे तिथे विचारायची सोय नाही.

मिरगाचा_पाऊस
अगं, घरोघरी हेच. आमच्या आईने टेलरने सांगितलेला आकडाच आयुष्यभर वापरला. "छत्तीसची बॉडी द्या, पांढरी, कॉटनची", दोन मिनिटांत खरेदी आटोपली, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी. घालून बघायचा प्रश्नच नव्हता. वाचते आहे.

काउंटरवाली
शेवंतीताई, मी कोल्हापुरात याच मालाच्या काउंटरला असते, म्हणून जरा लांबण लावते.

ब्लाउजचा ३८ म्हणजे छातीचा पूर्ण घेर. ब्रावरचा आकडा पट्ट्याचा असतो, म्हणजे छातीखालच्या बरगड्यांचा. कपाचं अक्षर येतं ते या दोन मापांतल्या फरकातनं. तुमच्या बरगड्या ३२च्या, त्यावर ३८चा पट्टा राहणार कसा? तराजूसारखं होतं बघा, पाठीमागचं पारडं वर गेलं की पुढचं खाली. मग बाई खांद्याचे पट्टे ओढते आणि ते रुततात. वजन पट्ट्यानं पेलायचं असतं. खांद्याचे पट्टे कप जागेवर ठेवण्यापुरते.

आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या सात-आठ बायका पट्टा मोठा मागतात, आणि खरी अडचण कपाची असते. वरनं बाहेर येतंय, बगलेत फुगतंय, म्हणून ३६ची ३८, मग ३८ची ४०. पट्टा वाढला की त्याच अक्षराचा कपपण थोडा मोठा येतो, त्यामुळं दोन दिवस जमलंय असं वाटतं. ३८बी, ३६सी, ३४डी या तिघींच्या कपात जवळजवळ तेवढंच मावतं. पट्टा एक नंबर खाली, तर अक्षर एक वर. नुसतं "डी" म्हणजे मोठी असं काही नाही. ३२डी आणि ३८डी शेजारी ठेवून दाखवलं की बायका आधी विश्वास ठेवत नाहीत, मग हसायला लागतात.

माप असं घ्या. पातळ, पॅड नसलेली ब्रा घाला किंवा काहीच घालू नका. छातीखाली टेप जमिनीला समांतर, श्वास सोडून, बऱ्यापैकी घट्ट. वरचं माप घेताना मात्र टेप दाबायचा नाही. अंगानं जड असाल किंवा छाती उतरलेली असेल तर कमरेतनं वाकून पण एकदा मोजा, उभ्यानं कमी भरतं.

आणि घातल्यावर जरा पुढं वाकून बगलेकडचं सगळं हातानं कपात घ्यायचं. हे न करता आरशात बघितलं तर कप कायम मोठाच वाटणार.

अनुस्वार
वर दोन वेबसाइटींचा घोळ आलाय, त्याचं उत्तर देतो. (हो, 'देतो'. बायकोसाठी परदेशी साइटवरून मागवताना हा अभ्यास झाला.)

पहिली पद्धत छातीखालच्या मापात ४ मिळवते. ३२ + ४ = ३६ हा पट्टा, ३८ − ३६ = २, म्हणून बी. दुसरी काहीच मिळवत नाही. पट्टा ३२, फरक ६ इंच. ब्रिटिश क्रम १ ए, २ बी, ३ सी, ४ डी, ५ डीडी, ६ ई असा जातो, म्हणून ३२ई. रेडिटवर 'अ ब्रा दॅट फिट्स' नावाचा प्रसिद्ध गट आहे, त्यांचं गणकयंत्र हेच करतं, पण सहा मापं मागतं: छातीखालचं सैल, घट्ट आणि अगदी आवळून, वरचं उभ्याने, वाकून आणि आडवं पडून.

कपाची अक्षरं मुळात अमेरिकेत १९३०च्या दशकात आली. पेटंट त्याआधीचं, १९१४चं, मेरी फेल्प्स जेकबचं. पण तिच्या त्या रुमाल-रिबिनीच्या ब्रात कप हा प्रकारच नव्हता.

४ मिळवणारी पद्धत चुकीची आहे, बिनधास्त ३२ई शोधा.

राइनकाठी
अनुस्वार, इतकं सरळ नाही हो ते. मी जर्मनीत राहते, इथे पट्टा सेंटिमीटरमध्ये असतो. ७५ नंबर म्हणजे छातीखाली ७३ ते ७७ सेंमी, ८० म्हणजे ७८ ते ८२. आता गंमत बघा. रूपांतराच्या तक्त्यात ७५ = ३४ आणि ८० = ३६. पण ७५ सेंमी म्हणजे इंचात साडेएकोणतीस! म्हणजे ३४ छापलेली ब्रा साडेएकोणतीस इंचांच्या बाईसाठी आहे. तुमचे ते चार इंच या तक्त्यात आधीच घुसलेले आहेत.

शेवंती, तुझे ३२ इंच म्हणजे ८१ सेंमी, ३८ म्हणजे साडेशहाण्णव. फरक साधारण १५ सेंमी, तो इथे बी. त्यामुळे इथली कुठलीही विक्रेती तुला ८०बी म्हणजे ३६बीच काढून देईल. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या खोक्यावरही इंचाखाली सेंमी छापलेले असतात, ते वाचून बघ.

फ्रान्समध्ये जाऊन आणखी गोंधळू नका, तिथे याच ७५ला ९० म्हणतात.

शेवंती
म्हणजे ३६बी पण बरोबर आणि ३२ई पण बरोबर? डोकं फिरलं माझं.

अनुस्वार
राइनकाठी, मुद्दा मान्य, तक्त्याबद्दल. पण ३६बी आणि ३२ई या एकाच कपाच्या दोन साइज नाहीत. ३६बीची बहीण ३४सी आणि ३२डी. ३२ईची बहीण ३४डीडी आणि ३६डी. पूर्ण दोन कपांचं अंतर आहे. दोन्ही एकाच वेळी बसणार नाहीत.

काउंटरवाली
तुमचं दोघांचं झालं असेल तर मी बोलते 🙂

आकडा छापणारा कारखाना, आणि अंग बाईचं. एकाच दुकानात, एकाच नंबरच्या दोन कंपन्यांच्या ब्रा हातात घेऊन ताणा, दोन-तीन इंचांचा फरक पडतो. कॉटनची कमी ताणते, इलॅस्टिक जास्त असलेली भरपूर ताणते. म्हणून घरी असलेल्या ब्रावर हे करून बघा: हूक उघडून पट्टा टेपवर ठेवा, सैल हुकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण ताणा. ताणून जेवढी भरते ते माप तुमच्या छातीखालच्या मापापेक्षा जरासंच जास्त हवं. शेवंतीताईंची ३८ची ताणून ३९-४० भरत असणार, पैजेवर सांगते. ती ३२वर थांबायची नाही.

बरगड्यांवर मांस कमी असलेल्या बायकांना घट्ट पट्टा टोचतो, त्यांना वरचा नंबर बरा. अंगानं भरलेल्या बायकांना तोच घट्ट पट्टा आरामात बसतो, कारण तो रुतायला जागा असते. त्यामुळं दोघींचं माप ३२ असलं तरी एकीला ३४ जाईल आणि एकीला ३२. हे टेपला कळत नाही.

शेवंतीताई, ३४डीपासनं सुरू करा. तुमच्या दोन्ही वेबसाइटींच्या बरोबर मधी येते. आणि घातल्यावर एवढं बघा. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, सैल हुकावर नीट बसली पाहिजे, आतले हूक नंतर इलॅस्टिक ढिलं पडल्यावर लागतात. बाई आत्ताच आतल्या हुकावर आवळून घेत असेल तर पट्टा मोठाय. पाठीमागं पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, अख्खा हात नको. वायरची असेल तर दोन कपांमधला तुकडा छातीच्या हाडाला टेकायला पाहिजे. अधांतरी राहिला तर कप लहान. वायरचं टोक बगलेत मांसावर चढलं तरी कप लहानच. मग खांद्याचे दोन्ही पट्टे खाली सोडून द्यायचे आणि उभं राहायचं. पट्टा बरोबर असला तर ब्रा लगेच सरकत नाही. शेवटी दोन्ही हात वर, जणू वरच्या फळीवरचा डबा काढताय.

कपड्यावर पण बघा हं. साध्या टी-शर्टखाली वर रेघ दिसली, चार चार गोळे दिसले, तर कप एक वाढवा, पट्टा तोच ठेवा.

पळपुटी
जॉगिंग करणाऱ्यांसाठी पुरवणी. दोन साध्या ब्रा एकावर एक घालून पळणाऱ्या मुली मी बघितल्यात. करू नका. स्पोर्ट्स ब्रा दोन प्रकारच्या: एक नुसती दाबून धरणारी, लहान आकाराला ठीक. दुसरीत दोन्ही कप वेगळे असतात, मोठ्या आकाराला तीच घ्यावी. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे, पळताना छाती फक्त वरखाली हलत नाही, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलते असं त्यांनी मोजून दाखवलंय. एस, एम, एल अशा साइजमध्ये येणाऱ्यांपेक्षा आकडा-अक्षर असलेली मिळाली तर सोडू नका.

त्वचातज्ज्ञ_तिळगूळ
डॉक्टर म्हणून दोन गोष्टी.

पावसाळ्यात छातीखालच्या घडीत लाल चट्टे, खाज आणि वास घेऊन येणाऱ्या बायकांनी ओपीडी भरते. घाम, ओल आणि घर्षण यातून तिथे बुरशी धरते. सैल पट्टा वर चढला की छातीची घडी सुटी पडते आणि त्वचा त्वचेला घासते, म्हणजे चुकीच्या मापाचा यात सरळ हात आहे. त्यातून ब्रा वाळत घालायची ओढणीच्या नाहीतर परकराच्या आड, बाथरूममध्ये, कुणाला दिसू नये म्हणून! दमट ब्रा सकाळी तशीच अंगात. वारा लागेल अशा जागी वाळवा, लाज वाटायचं काहीएक कारण नाही. इस्त्रीने वाळवू नका, इलॅस्टिक मरतं. आणि कृपा करून मेडिकलवाल्याकडून "खाजेची ट्यूब" आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस आराम पडतो, मग बुरशी पसरते आणि ओळखूही येईनाशी होते.

दुसरं, वायरच्या किंवा काळ्या ब्राने कॅन्सर होतो हा मेसेज दर वर्षी येतो. २०१४मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन संस्थेने मासिक पाळी थांबलेल्या बायकांचा अभ्यास केला. ब्रा किती तास घालता, वायरची आहे का, किती वयापासून घालता, कशाचाच संबंध सापडला नाही. रात्री काढून झोपायची तर झोपा, घालून झोपायची तर तसं झोपा. गाठ, आत ओढलेलं निपल, एकाच बाजूने येणारा स्राव, यासाठी मात्र थांबू नका.

बाबा_एकटा
या धाग्यावर मी बोलावं का माहीत नाही. मुलगी बारा वर्षांची आहे, तिची आई नाही. शाळेच्या पांढऱ्या शर्टातून दिसतं म्हणून ती पोक काढून चालायला लागलीय. दुकानात मी तिच्यासाठी नेमकं काय मागायचं?

मिरगाचा_पाऊस
अहो, अवश्य बोला. "बिगिनर्स ब्रा" मागा. वायर, पॅड काही नको, कॉटनची, दुहेरी कापडाची, अंगातून घालायची. रंग पांढरा घेऊ नका, पांढऱ्या शर्टाखाली पांढरं उलट उठून दिसतं. तिच्या त्वचेच्या रंगाच्या जवळ जाणारी घ्या. पुष्कळ घेऊन ठेवू नका, या वयात सहा महिन्यांत माप बदलतं. शक्य असेल तर आत्या, मावशी, कुणीतरी तिच्याबरोबर जाऊ दे. कुणी नसेल तर बायका काउंटरला असलेलं दुकान बघा, तिला आत जाऊ द्या आणि तुम्ही बाहेर थांबा. टेप घरी तिच्या हातात देऊन ठेवा.

काउंटरवाली
बाबा, तुमच्यासारखे वडील येतात दुकानात. आम्हाला त्यात काही वाटत नाही. सरळ सांगायचं, "मुलीला पहिल्यांदाच घ्यायचीय."

बाबा_एकटा
आभारी आहे. शनिवारी जातो.

नलूची_लेक
माझ्या आईचं एका बाजूचं ऑपरेशन झालंय, छाती पूर्ण काढली. वय ६८. ती आता ब्राच घालत नाही, आणि पाठ एका बाजूला झुकतेय असं फिजिओथेरपिस्ट म्हणाली. अशांसाठी काही असतं का?

त्वचातज्ज्ञ_तिळगूळ
असतं. आतून खिसा शिवलेली मास्टेक्टॉमी ब्रा, आणि त्या खिशात ठेवायचा कृत्रिम स्तन. जखम पूर्ण भरेपर्यंत कापसाचा किंवा विणलेला हलका ठेवतात, नंतर सिलिकॉनचा, जो दुसऱ्या बाजूच्या वजनाला तोल देतो. पट्टा रुंद हवा, व्रणावर शिवण यायला नको, आणि त्या बाजूच्या खांद्यावर बारीक रुतणारा पट्टा तर अजिबात नको, हाताला सूज येण्याचा धोका असतो. त्यांच्या सर्जनच्या टीमला विचारूनच घ्या. कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, तिथे कुठे मिळेल ते सांगतात.

काउंटरवाली
आणि आईंना हात मागं जात नसेल तर पुढं हूक असलेली मागा. खांदा दुखणाऱ्या आज्या तीच नेतात. एक सांगते, पुढच्या हुकाला एकच रांग असते, म्हणजे ढिली पडल्यावर आवळता येत नाही. माप बघूनच घ्या. साधी ब्रा आणून घरी आतनं मऊ कॉटनचा खिसा शिवला तरी चालतं.

नलूची_लेक
खिसा मीच शिवीन. थँक यू दोघींना.

शेवंती
जाऊन आले! ट्रायल रूम असलेलं, बायका काउंटरला असलेलं दुकान शोधलं. आधी जिथून घ्यायचे तिथे "अंतर्वस्त्रांना ट्रायल नाही, परत घेणार नाही" अशी पाटी आहे.

राइनकाठी, तुझी ३६बी आधी घातली. पट्टा ठीक वाटला, पण हात वर केल्यावर पाठीमागून सरकला आणि मधला तुकडा हाडाला टेकलाच नाही. अनुस्वार, तुमची ३२ई दुकानात नव्हती, ३२डीडी पण नाही. "तो माल चालत नाही हो, कंपनी पाठवतच नाही." ३२डी हातात आली, तिच्यात श्वास घेता येईना. मग ३४डी, सैल हुकावर. पट्टे खाली सोडले तरी जागेवर उभी! दुसऱ्या कंपनीच्या खोल गळ्याच्या ब्रात मात्र डी कापत होती, तिथे ३४डीडी घ्यावी लागली. एकाच बाईच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन ब्रांची अक्षरं वेगळी.

पहिल्या दिवशी छातीखाली कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं, दोन-तीन दिवसांत सवय झाली. खांद्यावरचे वळ गेलेत. पण कुर्ते छातीत घट्ट व्हायला लागले, कारण सगळं वर आलं! टेलरला ब्लाउजचे टक्स वर घ्यायला सांगितलेत. आणि किमती बघून घाम फुटला, पाचशेच्या खाली धड काही नाही.

राइनकाठी
हाहा, ३४डी! म्हणजे तुझा पट्टा आमच्या तक्त्यापेक्षा एक नंबर खाली, आणि अनुस्वारच्या हिशेबापेक्षा एक नंबर वर.

अनुस्वार
माल येतच नाही हा खरा मुद्दा. दुकानं ३४, ३६, ३८ मध्ये बी आणि सी भरून ठेवतात, म्हणून सगळ्या बायका त्याच खपवून घेतात, आणि खप बघून कंपनी पुन्हा त्याच बनवते.

मिरगाचा_पाऊस
शेवंती, पाचशेची एक घेतलीस तर निदान दोन तरी घे. रोज तीच घातली तर इलॅस्टिकला परत आकसायला वेळ मिळत नाही. मशीनमध्ये टाकायचीच तर हूक लावून, जाळीच्या पिशवीत. पिळू नकोस.

शेवंती
घेतल्यात दोन. आता कपाटातल्या ३८च्या सात-आठ पडून आहेत, तीन तर नव्याकोऱ्या. पाठीमागून टाका घालून पट्टा लहान करता येईल का?

काउंटरवाली
इंचभर घ्यायचा असेल तर घ्या, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा. चार इंच आत घेतला तर खांद्याचे पट्टे पाठीच्या मधोमध येतात आणि कप बगलेकडं ओढले जातात, दुखणं तेच राहणार. नव्या तीन कुणा ३६सी-३८बीवाल्या बहिणीला नाहीतर जावेला देऊन टाका. पण आधी तिचं छातीखालचं माप घ्या.